‘जातो’चं बटण

नानाजी बेलखोडे यांच्या कॉम्प्युटरच्या डब्यात एक पाल शिरली आणि दोघंही एकाच वेळी गेले. सिंदी रेल्वे या गावातल्या दुरुस्तीवाल्यानं डबा उघडून पाहिला, पुन्हा लावला आणि “काका, आता याले हात नका लावू,” असं इतक्या हळू आवाजात सांगितलं की नानाजींना दुकानातल्या स्टुलावर बसावं लागलं. यंत्राचं त्यांना फारसं दुःख नव्हतं. पण त्या यंत्रातून त्यांच्या दुसऱ्या घरी जायचा रस्ता होता, आणि तो बंद झाला होता.

हे दुसरं घर मायगावात. मायगाव नकाशावर सापडत नाही, ते इंटरनेटवर आहे. ज्याला हवं त्यानं तिथं जागा घ्यायची, घर बांधायचं, अंगणात मेथी-वांगी लावायची आणि आपल्या नावाचं एक चित्रातलं माणूस तयार करून गावभर हिंडवायचं. देशोदेशीचे लोक तिथं राहतात. मराठी लोकांची आठ घरांची एक वेगळी गल्ली आहे, कारण मराठी माणसं कुठंही गेली की आधी मंडळ काढतात. त्या गल्लीत चार नंबरचं घर नानाजींचं आणि पाच नंबरचं प्रेमदास मसरामचं.

प्रेमदास आणि नानाजी सिंदीच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये एकतीस वर्षं बरोबर होते. नानाजी वजनकाट्यावर, प्रेमदास मशीनवर. मशीनच्या आवाजानं प्रेमदासचे कान हळूहळू निकामी केले, आणि दोन वर्षांपूर्वी मुलानं त्याला सुरतेला नेलं. फोनचा काही उपयोग नव्हता. नानाजी “जेवला का?” विचारत आणि प्रेमदास तिकडच्या पावसाची हकिकत सांगे. व्हॉट्सअॅप होतं, पण त्यावर निरोप जातो, सोबत होत नाही. मायगावात मात्र रोज संध्याकाळी पाच वाजता दोघं प्रेमदासच्या ओट्यावर शेजारी शेजारी बसत आणि मनात येईल ते टाइप करत. पुष्कळदा अर्धा तास कुणीच काही लिहीत नसे. शेजारी बसलेलं दिसे, तेवढं नानाजींना पुरत होतं.

कॉम्प्युटर गेल्यापासून पाच वाजले की नानाजी उगाच अंगणात जाऊन येत. रुख्मिणीबाईंनी हे चार दिवस पाहिलं आणि पाचव्या दिवशी मुलीला फोन केला. त्यांची मुलगी रक्षा सेवाग्रामला दवाखान्यात लॅब टेक्निशियन होती. तिनं चौकशी केली, तेव्हा कळलं की इतकी वर्षं फक्त कॉम्प्युटरवर असलेलं मायगाव कंपनीनं नुकतंच टीव्हीला जोडायच्या गेमच्या मशीनवरही आणलं आहे. जुना पासवर्ड टाकला की घर जसंच्या तसं तिकडे दिसतं. तिच्या बरोबरीच्या एका मुलाचं लग्न ठरलं होतं आणि तो आपलं मशीन स्वतःच्या घरातून शांतपणे बाहेर काढायच्या विचारात होता. रक्षा ते घेऊन रविवारच्या पॅसेंजरनं सिंदीला आली.

मशीन जोडलं आणि टीव्हीवर चार नंबरचं घर उभं राहिलं. मेथीचं पान अन् पान दिसत होतं. पोळ्याचा सण जवळ आला म्हणून नानाजींनी अंगणात उभा केलेला लाकडाचा नंदी तर खऱ्याहून खरा वाटत होता. रुख्मिणीबाईंनी कणकेच्या हातानं येऊन पाहिलं.

“हे त आपल्या घराहून मोठं आहे,” त्या म्हणाल्या. “अन् अंगण झाडलेलं आहे. कोन झाडते तिथं?”

“मीच झाडतो,” नानाजी म्हणाले, आणि म्हणाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की हे बोलायला नको होतं.

अडचण एकच होती. मशीनला टायपिंगच्या कळा नव्हत्या. हातात दोन्ही अंगठ्यांनी चालवायचा एक जाडजूड रिमोट होता, आणि काही बोलायचं झालं तर त्यावरचं एक बटण दाबायचं. मग पडद्यावर थाळीएवढं एक चक्र उमटायचं. चक्रात आठ शब्द होते: नमस्कार, छान, हो, नाही, धन्यवाद, मदत हवी, येतो आणि जातो. त्यातला एक निवडला की तो आपल्या माणसाच्या डोक्यावर दिसे. बायकांसाठी येते आणि जाते अशी सोय होती.

“आठ शब्दांत मानसानं काय काय बोलावं?” नानाजी म्हणाले.

“मी चाळीस वर्सं चारातच भागवून राह्यले,” रुख्मिणीबाई म्हणाल्या आणि पोळ्या लाटायला आत गेल्या.

नानाजींनी व्हॉट्सअॅपवर प्रेमदासला कळवलं, ‘आता टीव्हीवरून येईन. लिहिता येत नाई. तू लिहित जाय, मी हो-नाई करतो.’ प्रेमदासचं उत्तर आलं, ‘पयले बी तसंच होतं.’ त्या संध्याकाळी आठवडाभरानं दोघं पुन्हा ओट्यावर बसले, आणि नानाजींचा चेहरा पाहून रक्षाला वाटलं की मशीन आणल्याचं सार्थक झालं.

सहा वाजता निघायची वेळ झाली. कॉम्प्युटरवर नानाजी ‘येतो रे’ असं टाइप करत आणि खिडकी बंद करत. इथं मशीननं त्यांना अडवलं. चक्र आपोआप उघडलं आणि वर अक्षरं आली, ‘निरोपाचा शब्द निवडा.’ नानाजींनी चष्मा सारखा केला. एका बाजूला ‘जातो’ होतं, दुसऱ्या बाजूला ‘येतो’.

आता सिंदीतच काय, कुठल्याही मराठी घरातून निघणारा माणूस ‘जातो’ म्हणत नाही. निघणारा ‘येतो’ म्हणतो, घरातलं माणूस ‘येजो’ म्हणतं, आणि मग जो तो आपापल्या वाटेनं जातो. कंपनीतल्या कुणीतरी इंग्रजी शब्दकोश पुढ्यात घेऊन मराठी केली असावी, असं नानाजींना वाटलं आणि त्या माणसाची थोडी कीवही आली. त्यांनी ‘येतो’ दाबलं. शिवाय आठवड्यानं गल्लीत आलो आहोत तर सगळ्यांना भेटून जावं, म्हणून उरलेल्या सहा घरांच्या दारात उभं राहून त्यांनी नमस्कार केला आणि प्रत्येक ठिकाणी ‘येतो’ दाबलं. मग समाधानानं टीव्ही बंद करून ते जेवायला बसले.

इथं वाचकांना एक गोष्ट सांगून ठेवायला हवी, जी नानाजींना ठाऊक नव्हती. कंपनीच्या हिशेबानं ‘येतो’चा अर्थ खरोखरच येतो असा होता. तो शब्द कुणाच्या दारात दाबला की घरमालकाला सूचना जाई, ‘पाहुणे तुमच्याकडे येत आहेत. कृपया वाट पाहा.’ आणि पाहुणा पुन्हा गल्लीत पाऊल टाकेपर्यंत ते दार लागतच नसे. भारतीय लोक पाहुण्यासाठी दार उघडं ठेवतात, असं कंपनीच्या लोकांनी कुठंतरी वाचलं होतं. मायगावात मोकाट बकऱ्या फार, आणि त्यांना उघडं दार लांबून दिसतं, हे मात्र त्यांनी ध्यानात घेतलं नव्हतं. नानाजी दुसऱ्या दिवशी पाच वाजता येत, तेव्हा सातही दारं आपोआप मिटत. सहा वाजता ते सगळ्यांचा रीतसर निरोप घेत आणि सातही दारं पुन्हा सताड उघडत. उरलेले तेवीस तास बकऱ्यांचे.

पुढच्या रविवारी मायगावात अंगणांची स्पर्धा होती. मंगळवारी दोन नंबरची मेथी गेली. बुधवारी सहा आणि सात नंबरची अंगणं साफ झाली. गुरुवारी एक नंबरच्या नलूताईंची वांगी देठापर्यंत खाल्लेली सापडली. नलूताई कराडच्या निवृत्त मुख्याध्यापिका आणि गल्लीच्या प्रमुख. गेल्या वर्षी त्यांच्या वांग्यांना दुसरं बक्षीस होतं.

नानाजींना मनापासून वाईट वाटलं. ते नलूताईंच्या अंगणात जाऊन उभे राहिले. काही मदत हवी का, असं विचारावं म्हणून त्यांनी ‘मदत हवी’ दाबलं.

‘मदत तुम्हाला हवी आहे?’ नलूताईंनी लिहिलं. ‘अंगण माझं गेलं आहे.’

नानाजी घाबरले. ‘नाही’ दाबायला गेले तर अंगठा सरकला, आणि उजाड वाफ्यासमोर उभ्या असलेल्या त्यांच्या माणसाच्या डोक्यावर ‘छान’ उमटलं. नानाजींनी खजील होऊन ‘धन्यवाद’ म्हटलं, ‘येतो’ दाबलं आणि काढता पाय घेतला.

शुक्रवारपर्यंत गल्लीत एकच हिरवं अंगण उरलं होतं, ते चार नंबरचं. नानाजींकडे येणारे सगळे कॉम्प्युटरवरचे. ते ‘येतो’ टाइप करत आणि खिडकी बंद करत. टाइप केलेल्या शब्दाला मायगावात काही किंमत नव्हती, त्यामुळे नानाजींचं दार नीट लागलेलं असे आणि मेथी गुडघ्याएवढी झाली होती. गल्लीतले लोक तिच्याकडे पाहत आणि न बोलता पुढे जात.

प्रेमदासचं दुःख वेगळं होतं. त्याला मेथीची पर्वा नव्हती. त्याला रोज सहा वाजता सूचना येई की नानाजी येत आहेत, वाट पाहा. आणि तो पाहत होता. सुरतेत सून जेवायला हाक मारी तरी तो कॉम्प्युटरपुढून उठत नसे. अखेर त्यानं व्हॉट्सअॅपवर लिहिलं.

‘काल येतो म्हणला अन् आला काऊन नाई?’

‘येतो म्हणून त निघालो,’ नानाजींनी उत्तर दिलं.

‘निघाला त पोचला काऊन नाई?’

‘पोचलो ना. सहा वाजून दोन मिनिटं झालती.’

‘कुठं पोचला?’

‘घरी.’

‘मी त घरीच होतो. तू नाई आला.’

‘मी तुयाच घरून निघालो ना बाप्पा.’

प्रेमदासनं वरचं सगळं पुन्हा एकदा वाचलं. मग लिहिलं, ‘नाना, आज वार कोणता आहे?’ हा प्रश्न नानाजींना विचित्र वाटला, पण त्यांनी ‘शुक्रवार’ असं कळवलं. प्रेमदासला त्या उत्तरानं धीर आला नाही. त्याचा एक चुलता असाच सुरू झाला होता. वार बरोबर सांगे आणि घर चुके.

त्यानं रक्षाला मोठा मेसेज पाठवला. ‘बाई, तुया बाबाची तब्येत एकदा दाखव. रोज येतो म्हनते अन् येत नाई. विचारलं त म्हनते आलो होतो. लोकाईच्या शेताची नासधूस झाली त छान म्हनते. मी केळझरच्या गणपतीले नारळ बोललो आहे. घाबरू नको.’

रक्षा अर्थातच घाबरली. शनिवारी सकाळी ‘बीपी पाहून घेऊ’ असं सांगून तिनं नानाजींना वर्ध्याला नेलं. तिथं विसराळूपणाचे एक डॉक्टर नुकतेच आले होते. ते कानपूरकडचे, तरुण, अतिशय सभ्य, आणि मराठी शिकायचा मनापासून प्रयत्न करणारे. त्यांनी रक्षाला बाहेर बसवलं, कारण नातेवाईक मधेमधे उत्तरं सांगतात.

नानाजींनी तारीख, वार, महिना, सगळं सांगितलं. शंभरातून सात सात वजा करायला सांगितले तेव्हा एकतीस वर्षं काट्यावर काढलेला माणूस तो, दोन उरेपर्यंत थांबला नाही. डॉक्टरांनी खूश होऊन मान डोलावली आणि पुढचा प्रश्न विचारला.

“घर में कौन कौन रहता है?”

“सिंदीले मी अन् मायी बायको. मायगावात मी एकटाच आहो. पण शेजारी प्रेमदास आहे ना.”

“अच्छा. ये मायगाव कहाँ पड़ता है?”

नानाजींनी विचार केला. “तसं पाह्यलं त कुठंच नाई,” ते प्रामाणिकपणे म्हणाले. “पन घर आहे मायं तिथं. मेथी लावली आहे. यंदा बकऱ्या लय झाल्या, सगळ्याईचं खाऊन राह्यल्या. मायं तेवढं सोडते. कायले सोडते ते समजत नाई.”

डॉक्टरांनी बरंच लिहून घेतलं. त्यांचा आवाज आता आणखी मऊ झाला होता. “और प्रेमदासजी से रोज़ बात होती है?”

“बात कशी होईन? त्याले ऐकू नाई येत अन् मले लिहिता नाई येत. आमी नुसते बसून राह्यतो.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि आता पुरे, असं म्हणाले. नानाजींनी उठून हात जोडले. एवढा चांगला मुलगा, आपुलकीनं विचारपूस करतो, त्याचा निरोप नीट घ्यायला हवा. “बरं डॉक्टर साहेब, येतो मंग,” ते म्हणाले आणि दार उघडून बाहेर पडले.

डॉक्टर थांबले. त्यांनी पुढच्या पेशंटला आत घेतलं नाही. पाच मिनिटांनी त्यांनी दाराबाहेर डोकावून पाहिलं, तर नानाजी समोरच्या टपरीवर चहा पीत होते. त्यांनी रक्षाला आत बोलावलं.

“मराठी में ‘येतो’ मतलब ‘आता हूँ’ ही होता है ना?”

“हाँ सर.”

“वो ‘येतो’ बोले और चले गए,” डॉक्टर गंभीरपणे म्हणाले. “मैं इंतज़ार कर रहा हूँ। ये कब से हो रहा है?”

“जन्म से, सर,” रक्षा म्हणाली. “हम सब को है.”

आणि हे बोलता बोलता तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तिनं डॉक्टरांना रीत समजावून सांगितली, मायगाव समजावून सांगितलं आणि बाहेर येऊन टपरीवरच वडिलांना गाठलं.

“बाबा, तुमी प्रेमदासकाकाच्या घरून निघता तवा कोणता शब्द दाबता?”

“येतो,” नानाजी म्हणाले. “दुसरा कोणता दाबीन?”

“जातो आहे ना तिथं.”

“आहे. मी काय आंधळा आहो?” नानाजींनी कप खाली ठेवला. मग ते जरा थांबून बोलले. “रक्षे, तो सुरतेले गेला तवा मी स्टेशनावर होतो. गाडी सुटता सुटता दारातून वरडला, येतो नाना, म्हणून. दोन वर्सं झाली. नाई आला. पण येतो म्हणून गेला आहे ना तो? तवा मी वाट पाहू शकतो. मी त्याच्या दारात उभा राहून जातो म्हणू? त्याचं वय बहात्तर आहे, मायं सत्तर. जातो म्हणायचं वय आहे का हे?”

हसू आणि रडू दोन्ही एकदम आलं की माणूस करतो तेच रक्षानं केलं, आणखी एक चहा सांगितला.

परतीच्या पॅसेंजरमध्ये तिनं सगळा खुलासा प्रेमदासला लिहून पाठवला. गाडी सिंदीला लागेपर्यंत त्याचं नानाजींना उत्तर आलं. ‘म्हनजे डोकं ठीक आहे तुयं?’

‘हाव.’

‘मंग नारळ फुकट गेला. पण उद्या सभा आहे. नलूताई तुले गल्लीतून काढाचं म्हनते.’

रविवारी सकाळी अकरा वाजता प्रेमदासच्या ओट्यासमोर आठ चित्रातली माणसं जमली. नानाजी टीव्हीपुढं मांडी घालून बसले होते, बाजूला रक्षा. गल्लीतून काढलेल्या माणसाचं घर कंपनी गावाच्या दुसऱ्या टोकाला हलवते. तिथं ब्राझीलचे लोक राहतात आणि दिवसभर ढोल वाजवतात. नानाजींना ढोलाचं काही नव्हतं. पण तिथून पाच नंबरचा ओटा दिसत नाही.

प्रेमदासनं सगळ्यांसाठी रक्षाचा खुलासा टाइप करून टाकला. नलूताईंनी तो वाचला आणि लिहिलं, ‘खुलासा पोहोचला. हेतू वाईट नव्हता हे मान्य. परंतु वांगी परत येत नाहीत. यापुढे असे होऊ नये म्हणून श्री. बेलखोडे यांनी आज सर्वांसमोर, श्री. मसराम यांच्या दारात, ‘जातो’ हा शब्द दाबून दाखवावा. अन्यथा गल्ली सोडावी.’

मतं घेतली. सहा विरुद्ध एक असा ठराव मंजूर झाला. विरोधातलं मत प्रेमदासचं होतं.

‘ही अंधश्रद्धा आहे,’ सहा नंबरच्या गृहस्थांनी लिहिलं. ‘शब्दच तो. दाबून टाका काका.’

“दाबा ना बाबा,” रक्षाही हळूच म्हणाली. “खेळ आहे तो.”

नानाजींनी चक्र उघडलं. अंगठा ‘जातो’वर नेला. पडद्यावर प्रेमदासचं चित्रातलं माणूस समोर उभं होतं, डोळे मिचकावत, कारण त्या सगळ्याच माणसांना तेवढंच येतं. नानाजींना ते आपल्याकडे पाहतं आहे असं वाटलं. त्यांनी अंगठा वळवला आणि ‘नाही’ दाबलं.

मग नलूताईंनी लिहिलं, ‘खेद वाटतो. ठरावाची अंमलबजावणी उद्यापासून. सभा संपली. मला स्वयंपाकाचं पाहायचं आहे.’ आणि त्या निघाल्या.

पण त्या गेल्या नाहीत. त्यांचं माणूस प्रेमदासच्या दारात तसंच उभं राहिलं. एक मिनिट गेलं, दोन गेली.

‘ताई, नेट गेलं का?’ सात नंबरनं विचारलं.

‘नाही. आज सकाळपासून कंपनीनं काहीतरी बदललं आहे. टीव्हीवर आणि कॉम्प्युटरवर सगळं सारखं केलं आहे म्हणे. निघताना शब्द विचारत आहे.’

‘कोणता?’

‘तोच.’

सगळे उभे राहिले. कराडला काय चाललं असेल ते सिंदीत बसून नानाजींना स्वच्छ दिसत होतं. त्यांचा स्वतःचा अंगठा आठवडाभर तिथूनच वळत होता.

बऱ्याच वेळानं नलूताईंची अक्षरं उमटली. ‘घरात लेक बाळंतपणाला आली आहे. नववा लागला आहे. असला शब्द मी या तोंडानं बोलणार नाही आणि या हातानं दाबणार नाही. आजचा ठराव पुढच्या सभेपर्यंत तहकूब.’ पाठोपाठ त्यांच्या डोक्यावर ‘येते’ उमटलं आणि त्या गेल्या. प्रेमदासचं दार सताड उघडलं.

मग सात नंबरनं ‘येतो’ दाबलं. दोन नंबर आणि आठ नंबरनं ‘येते’ दाबलं. तीन नंबरच्यांनी तर दोनदा दाबलं. अंधश्रद्धा म्हणणारे सहा नंबरचे गृहस्थ सगळ्यात जास्त वेळ थांबले. ‘माझा नाही विश्वास, पण आई बाजूला बसली आहे,’ असं लिहून त्यांनीही ‘येतो’ दाबलं. आणि जाता जाता प्रत्येकजण चार नंबरच्या दाराशी थांबला, कारण ज्याला काढायला निघालो होतो त्याचा निरोप न घेता जाणं कुणाला बरं दिसेना. नानाजींचं दार सहा वेळा ‘येतो’ आणि ‘येते’ ऐकून बिजागरीपर्यंत उघडलं.

बकऱ्या आल्या. गुडघ्याएवढी मेथी त्यांनी उभ्या उभ्या खाल्ली आणि लाकडाच्या नंदीच्या पायाशी बसून रवंथ सुरू केला. स्पर्धेचे परीक्षक बारा वाजता गल्लीत येऊन गेले, तेव्हा आठही अंगणं सारखीच बोडकी होती. पहिलं बक्षीस ब्राझीलला गेलं. आपली मेथी खाल्ली गेली याचा इतका आनंद झालेला माणूस रक्षानं तोपर्यंत पाहिला नव्हता.

ओट्यावर आता दोघंच उरले. प्रेमदासलाही कुठं जायचं असेल तर शब्द लागणार होता, म्हणून तो गेलाच नाही. त्यानं नवं चक्र उघडून पाहिलं, जरा चाचपडला, आणि त्याच्या डोक्यावर ‘मदत हवी’ उमटलं. नानाजींनी आपलं माणूस त्याच्या बाजूला नेऊन बसवलं.

“अहो, ताटं वाढली,” रुख्मिणीबाईंची आतून हाक आली. “येता ना?”

“येतो,” नानाजी म्हणाले, आणि बसूनच राहिले.

रुख्मिणीबाईंनी थोडा वेळ वाट पाहिली. मग नानाजींच्या ताटावर दुसरं ताट झाकलं, रक्षाला आणि स्वतःला भाजी वाढून घेतली आणि जेवायला सुरुवात केली.